सहल सगळ्यांची, माहिती एकीचीच?

ठाणे, डोंबिवली, कल्याण... आपल्या या पट्ट्यातल्या बायकांना प्रवास काही नवा नाही. रोजची लोकल आहेच. पण 'सहल' म्हटलं की चित्र पालटतं. कुठे जायचं, कोणत्या गाडीने, उतरायचं कुठे हे ठरवणारी माणसं वेगळी आणि बॅगा भरणाऱ्या आपण वेगळ्या! गाडी कुठली विचारलं, तर "ह्यांना माहीत" नाहीतर "टूरवाल्यांना माहीत" हे उत्तर ठरलेलं. मंडळाच्या सहली जमवताना मला हे वारंवार ऐकायला मिळतं.

तसं पाहिलं तर माहिती हाच सहलवाल्यांचा मूळ माल. थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली, तेव्हापासून हेच चालत आलं आहे. आपल्याकडे केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये 'केसरी टूर्स' सुरू केली. त्या काळी बाहेरगावाहून परतीचं आरक्षण हवं असेल तर तार करावी लागे. हॉटेल कसं आहे, तिथे जेवण कसलं मिळतं, हे आधी कळायला मार्गच नव्हता. ज्याला हे ठाऊक, त्याच्या मागे निमूट जायचं!

मग संगणक आला. रेल्वेची पाच मोठी आरक्षण केंद्रं १९९९ मध्ये एकमेकांना जोडली गेली आणि कुठल्याही गावाचं तिकीट एका खिडकीवर मिळू लागलं. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकिटं द्यायला सुरुवात केली आणि खिडकीच घरात आली.

म्हणून काय टूर कंपन्या बंद पडल्या? मुळीच नाही. वीणा पाटील यांनी तर २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड' ही नवी कंपनी काढली. आता लोक पैसे मोजतात ते माहितीसाठी नव्हे, काळजीसाठी. परक्या देशात वरण-भात मिळावा, दुखलं-खुपलं तर कोणीतरी धावून यावं, यासाठी.

दुसरीकडे, सहलीचा धंदा करायला आता दुकानाचा गाळा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि पैसे घ्यायला क्यूआर कोड असला की झालं. आपल्या ओळखीतल्या कितीतरी जणी अष्टविनायक, कोकण, गाणगापूर अशा सहली घरबसल्या काढतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्याचाही हुरूप आला. हे फार चांगलं आहे. फक्त या मैत्रिणींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून रेल्वेची तिकिटं काढून ती नफा घेऊन विकणं हा रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. धंदा म्हणून करायचं तर तिकीट अधिकृत एजंटाकडूनच काढावं.

अडचण अशी, की जे तंत्र आपल्या मैत्रिणीच्या हाती आलं, तेच भामट्यांच्याही हाती आलं. गूगलवर हॉटेलचा म्हणून मिळालेला नंबर त्या हॉटेलचाच असेल असं नाही. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामचं गेस्ट हाऊस यांच्या बनावट वेबसाइटबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. देवाच्या वाटेवरसुद्धा लुबाडणारे बसलेत! त्यामुळे नंबर शोधायचा तो संस्थेच्या मूळ वेबसाइटवर. "आत्ता पैसे भरा, नाहीतर जागा जाईल" अशी घाई कोणी केली की तिथेच थांबायचं. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाचण्याची आशा जास्त.

आता मुख्य मुद्दा. मागे एका मंडळाच्या सहलीत पंधराजणींची तिकिटं एकीच्याच मोबाइलमध्ये होती. कल्याण स्टेशनच्या गर्दीत ती पुढे गेली आणि मागे राहिलेल्या चौघींना आपला डबा कोणता हेच ठाऊक नाही! गाडी मिळाली कशीबशी, पण जीव टांगणीला लागला तो लागलाच.

रेल्वेच्या एका ई-तिकिटावर जास्तीत जास्त सहा नावं येतात, तत्काळवर चारच. म्हणजे पंधराजणींची किमान तीन तिकिटं. प्रत्येक तिकिटावरच्या निदान एकीजवळ मूळ ओळखपत्र हवंच. पुढाऱ्याचं एक दाखवून तिन्ही तिकिटं भागत नाहीत. मग प्रत्येकीला आपला पीएनआर, डबा, बाक आणि मुक्कामाचा पत्ता माहीत नको का? मोबाइलमध्ये असू दे, आणि पर्समध्ये कागदावरही असू दे. चार्जिंग संपलं तरी कागद बोलतो. गाडीत अडचण आली तर १३९ नंबर.

आणखी एक सांगते. घरोघरी तिकिटाचं खातं मुलाच्या नाहीतर यजमानांच्या नावावर असतं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी झालेलं खातं लागतं, आणि तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटांना तिकीट काढता येत नाही. मग ऐन वेळी माहेरी जायचं झालं, तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? खातं आपलं स्वतःचं हवं. लेकीकडून, भाचीकडून एका दुपारी शिकून घेता येतं. पहिलं तिकीट जवळच्याच गावाचं काढून बघावं, भीती जाते.

मैत्रिणींनो, चिवडा, लाडू, गोळ्या-औषधं यांची जबाबदारी आपण न सांगता घेतोच. आता गाडीच्या नंबराचीही घेऊ या. कुठे जायचं हे ठरवण्यात आपलं मत मोजलं जावं असं वाटत असेल, तर कसं जायचं हेही आपल्याला सांगता आलं पाहिजे.