विषाणूविरुद्ध पेशींची दवंडी आणि ती टिपणारी प्रतिपिंडे

गावात एका घराला आग लागली की त्या घरातील माणसे हाक देऊन शेजाऱ्यांना सावध करतात. शेजारी लगेच पाण्याच्या घागरी भरून ठेवतात. मानवी शरीरातही असेच घडते. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की ती पेशी एक प्रथिन बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. या प्रथिनाचे नाव इंटरफेरॉन.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडन येथील मिल हिलच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी लावला. कोंबडीच्या फलित अंड्यातील पापुद्र्याच्या तुकड्यांवर त्यांनी उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू सोडला. पुढे त्यातील द्रव काढून नव्या तुकड्यांवर घातला, तेव्हा जिवंत विषाणूही तेथे वाढू शकला नाही. विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारा पदार्थ या अर्थाने त्याला हे नाव मिळाले.

हा पदार्थ शरीरात अत्यल्प प्रमाणात असतो. तो शुद्ध स्वरूपात मिळविणे हे मोठे कठीण काम होते. १९७० च्या दशकात फिनलंडचे कारी कँटेल रक्तातील पांढऱ्या पेशींपासून इंटरफेरॉन तयार करीत असत. परंतु त्यात इतर प्रथिनांचाच भरणा अधिक असे. या अडचणीतून वाट काढली ती प्रतिपिंडांनी.

प्रतिपिंडे कशी उपयोगी पडतात?

प्रतिपिंड म्हणजे शरीराने परक्या पदार्थाविरुद्ध तयार केलेले प्रथिन. जशी एका कुलपाला एकच किल्ली, तसे प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक आकारालाच चिकटते. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोलर व सेझार मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशींचा कर्कपेशींशी संयोग घडवून आणला. त्यामुळे एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके बनविता येऊ लागले. या कार्याबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८० साली डेव्हिड सेचर व डेरेक बर्क यांनी अशाच प्रतिपिंडाच्या साहाय्याने इंटरफेरॉन एकाच टप्प्यात हजारो पटींनी शुद्ध करून दाखविले.

इंटरफेरॉनची हाक पेशीच्या आत कशी पोहोचते, हेही प्रतिपिंडांमुळेच पाहता येते. इंटरफेरॉन पेशीच्या पृष्ठभागावर चिकटताच आतील ‘स्टॅट-१’ या प्रथिनावर फॉस्फेटची खूण उमटते. अशी खूण झालेले प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाते आणि विषाणूविरोधी जनुके जागी करते. संशोधकांपाशी असे प्रतिपिंड असते, की जे खूण असलेल्या स्टॅट-१ लाच चिकटते. खूण नसलेल्याला नाही. त्याला चमकणारा रंग जोडला की संदेश पोहोचला किंवा नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते.

आपल्या भागाशी संबंध

ज्या वर्षी इंटरफेरॉनचा शोध लागला, त्याच १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात ‘माकडताप’ हा नवा रोग आढळला. गोचिडींमार्फत पसरणारा हा रोग २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात दिसून आला. काजूच्या बागांत व जंगलात काम करणाऱ्यांना त्याचा धोका विशेष असतो. प्रयोगशाळेतील अभ्यासात असे दिसले आहे, की या विषाणूचे एक प्रथिन इंटरफेरॉनचा संदेश अडवते. शेजाऱ्यांना दिलेली हाक त्यांच्या कानी पडूच नये, अशी ही विषाणूची युक्ती होय. या रोगावर खास औषध नसल्यामुळे असे संशोधन मोलाचे ठरते.

प्रतिपिंडांची दुसरी बाजू

प्रयोगशाळेत मित्र असलेले प्रतिपिंड शरीरात मात्र शत्रूही ठरू शकते. २०२० साली कोविडने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांच्या तपासणीत १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. त्यांपैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत मात्र अशी प्रतिपिंडे एकालाही नव्हती. धडधाकट दिसणारा माणूस अचानक का खचतो, याचे एक कारण त्यामुळे उमगले.

विज्ञानाची ही वाटचाल चालू असताना ग्रामस्थांनी आपल्या परीने सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. जंगलात मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता आरोग्य अथवा वन खात्यास त्वरित कळवावे. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, गोचीडरोधक तेल लावावे व परतल्यावर साबण आणि गरम पाण्याने स्नान करावे. ताप आल्यास अंगावर न काढता जवळच्या आरोग्य केंद्रात जावे व आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शिक्षकांनी ही माहिती शाळेतील मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावी. पेशी जसा शेजारधर्म पाळते, तसा गावानेही पाळला, तर अनेक जीव वाचू शकतील.