पाच ग्रॅम, अडीचशे ग्रॅम

‘मॅडम, तो विकत नाही हो. स्वतःपुरतं घेतो.’ गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या केसमध्ये मुलगा पकडला गेला की आईवडील वकिलाकडे येतात ते हे वाक्य घेऊन. त्यांच्या लेखी सगळा बचाव त्यातच आलेला असतो. मुंबईच्या सेशन्स कोर्टात मी एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या केसेस चालवते आणि यावर माझं उत्तर ठरलेलं आहे : ते राहू द्या, पंचनाम्यात वजन किती लिहिलंय ते सांगा.

1985च्या एनडीपीएस कायद्याचं कलम 21 उघडा. हेरॉइन बनवणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहून नेणं, वापरणं, सगळं एकाच वाक्यात स्वल्पविराम देत देत लिहिलंय. यातलं तुम्ही नेमकं काय केलंत यावरून शिक्षा ठरत नाही. माल किती होता यावरून ठरते. 5 ग्रॅमच्या आत असेल तर ‘स्मॉल’ : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 250 ग्रॅमच्या वर गेलं की ‘कमर्शियल’ : कमीत कमी 10 वर्षं, जास्तीत जास्त 20, वर 1 ते 2 लाख दंड. मधल्या सगळ्याला आम्ही ‘इंटरमीडिएट’ म्हणतो. तिथे 10 वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड, पण किमान शिक्षा नाही, त्यामुळे न्यायाधीशांना हात मोकळा असतो. हेरॉइन ओढल्याचं सिद्ध झालं तर कलम 27 वेगळं, तिथे एक वर्षापर्यंत कैद, किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दारू वर्ध्यात बंद आणि नागपुरात चालू, तसं इथे नाही. हे आकडे देशभर एकच.

आणि वजनाचे हे टप्पे आहेत 2001च्या दुरुस्तीपासूनचे. त्याआधी पुडीभर गर्द सापडली तरी थेट 10 वर्षं. सुटका एकाच वाटेनं, माल 250 मिलिग्रॅमच्या आत आहे आणि स्वतःसाठीच आहे हे आरोपीनं सिद्ध केलं तर. तो पुरावा गर्दुल्ला आणणार कुठून? म्हणून तेव्हाच्या तुरुंगांत गर्द पिणारे आणि पिंपानं माल आणणारे सारख्याच शिक्षा भोगत होते.

2001नं हा अन्याय कमी केला, पण रस्त्यावरचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात मावत नाही. धंदेवाल्याला 5 ग्रॅमचा आकडा पाठ असतो. तो अंगावर चार-पाच पुड्याच ठेवतो, बाकीचा माल गटाराच्या झाकणाखाली नाहीतर बंद पडलेल्या रिक्षाच्या सीटमध्ये. पकडला गेला तर ‘स्मॉल’. उलट पिणारा पोरगा पगार झाला की आठवड्याचं एकदम उचलतो, कारण रोज त्या गल्लीत जायची त्यालाही भीती वाटते. त्याच्या खिशात 6 ग्रॅम निघतात आणि तो 10 वर्षांच्या कलमात जातो.

इतकंच नाही. याच कायद्यात कलम 64अ आहे, ज्याची माहिती फार कमी घरांना असते. ‘स्मॉल’च्या किंवा सेवनाच्या आरोपातला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला थांबू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते, आणि ते रास्तच आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून गर्द सुटते हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण 6 ग्रॅमवाल्या पोरासाठी 64अचं दार बंद. त्या एका जादा ग्रॅमचा आणि व्यसनाच्या खोलीचा संबंध काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

त्यात वजन कशाचं धरायचं, हा वाद. मुंबईत पुडीत मिळते ती ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनमध्ये काय काय कालवलेली भुकटी. 2008 साली ई. मायकल राज खटल्यात 4 किलोंहून अधिक भुकटी होती, पण तपासणीत हेरॉइन दीड टक्क्याच्या आसपास निघालं, म्हणजे साधारण 60 ग्रॅम. सुप्रीम कोर्ट म्हणालं, शुद्ध माल तेवढाच धरा. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की सगळं मिश्रण तोलायचं. अखेर एप्रिल 2020मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं आधीचा निकालच मोडीत काढला. आता दुधातलं पाणी दुधाच्याच भावानं. तस्कराला रोखायचं तर हे योग्यच, असं सरकारी वकील म्हणतात आणि त्यांच्या बाजूनं बोलायला जागा आहे : न्हावाशेवा बंदरात 2022 साली ज्येष्ठमधाच्या मुळ्यांवर हेरॉइनचा लेप दिलेला कंटेनरभर माल सापडला होता. अशांना ‘शुद्ध किती’ची पळवाट कशाला द्यायची? पण तोच नियम भेसळीची पुडी घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही लागतो. त्याला जितकं फसवलं, तितकी त्याची शिक्षा वाढते.

फाशीचंही लोक विचारतात. या कायद्याखालच्या गंभीर गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा किलोभर हेरॉइनसह सापडला तर 1989पासून फाशी सक्तीची होती. मुंबई उच्च न्यायालयानं 2011 साली ती सक्ती काढली, 2014च्या दुरुस्तीनं कायद्यातही तो बदल आला. तेवढं पुरे.

प्रत्यक्ष खटला लढला जातो तो मात्र कागदांवर. अंगझडतीआधी कलम 50प्रमाणे आरोपीला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेतली जावी हा तुझा हक्क आहे. पुष्कळदा या पत्रात तिसरा पर्याय घुसडलेला असतो : ‘किंवा आमच्याकडूनच घ्यायची तयारी आहे का?’ 2014 साली सुप्रीम कोर्टानं हे चूक ठरवलं. म्हणून उलटतपासात ते पत्र मी साक्षीदाराच्या हातात देते आणि ओळ वाचायला लावते. तीन-चार केसेसमध्ये तेच ते दोन पंच आणि प्रत्येक वेळी ते ‘सहज रस्त्यानं चालले होते’, हेही नित्याचं. पण माल खिशाऐवजी पाठीवरच्या सॅकमध्ये असला तर कलम 50चा उपयोग नाही. सॅक म्हणजे अंग नव्हे, हे 2005पासून ठरलेलं आहे.

उरतो तराजू. समजा पंचनाम्यात 254 ग्रॅम लिहिलंय. मी विचारते, झिपलॉक पिशवीसकट की पिशवी वगळून? काटा कुठून आणला, दुकानातून की पोलीस स्टेशनातून? कलम 52अप्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर मालाची यादी आणि नमुने झाले, तेव्हा निव्वळ वजन किती भरलं? कलिनाच्या प्रयोगशाळेत नमुना पोचला तेव्हा सीलवरचा ठसा तोच होता का? मॅजिस्ट्रेटसमोर 248 भरलं तर केस इंटरमीडिएटमध्ये येते आणि जामिनाचा अर्ज इतर गुन्ह्यांसारखा ऐकला जातो. 254च धरलं तर कलम 37 आडवं येतं : हा माणूस दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच कोर्टाला पटाव्या लागतात. तोवर आरोपपत्राला तपासयंत्रणेकडे 180 दिवस असतात आणि पोरगा आर्थर रोड तुरुंगात.