दोनशेपानी वहीतलं पहिलं वर्ष

शाळेच्या प्रवेशासाठी लसीकरणाचं कार्ड शोधताना कपाटाच्या तळातून एक दोनशेपानी वही निघाली. लेक आता पहिलीच्या उंबरठ्यावर आहे. वही तिच्या जन्मापासूनची, जानेवारी 2020 मध्ये सुरू झालेली. पहिल्या पानावर आईच्या अक्षरात दोनच ओळी : ‘रात्री 2.10, पाजलं. 3.40, शी.’

ही आई पुण्यात नोकरी करणारी. पहिलं बाळंतपण म्हणून रिवाजाप्रमाणे माहेरी, तासगावजवळच्या गावी आलेली. पहिल्या सव्वा महिन्याची पानं माणसांनी गजबजलेली आहेत. सकाळी अंघोळ घालणाऱ्या मावशी यायच्या, बाळाची टाळू भरायच्या, बाळंतिणीचं अंग चोळायच्या. मग शेक, ओवा-बाळंतशोपांची धुरी. काकू अळिवाची खीर करून पाठवायची, शेजारीण दुपटी आणि लंगोट वाळत घालायची. बाराव्या दिवशी बारसं झालं, तेव्हा कुंची घातलेली लेक अख्ख्या आळीच्या मांडीवरून फिरून आली.

एक खटका मात्र उडाला. आजीने गुटीसाठी सहाण काढली, तर डॉक्टरांनी पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीसुद्धा, द्यायचं नाही असं बजावलेलं. मध तर वर्षभर नाहीच. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी आजीने सहाण धुऊन देवघरात ठेवली. ‘आजी रागावली नाही, हरली,’ असं आईने तेव्हा लिहिलं होतं. आज तिला ते वाक्य चुकीचं वाटतं. नातीसाठी आजीने हयातभराची खात्री बाजूला ठेवली होती.

24 मार्चच्या मध्यरात्री करोनामुळे टाळेबंदी लागली आणि वहीतली माणसं एकाएकी नाहीशी झाली. मावशी येईनात. बाळाचे बाबा पुण्यात अडकले. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या इस्लामपुरात रुग्ण वाढले, तेव्हा आजोबांनी अंगणाचं फाटकच लावून घेतलं. दहाव्या आठवड्याची लस मार्चअखेरीस द्यायची होती, ती तीन आठवडे लांबली. पुढच्या डोसात किमान चार आठवड्यांचं अंतर हवं, म्हणून तोही पुढे गेला. त्या पानावर तारखांची खाडाखोड आहे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘आज खूप रडले.’

जूनमध्ये ई-पास मिळाला आणि मायलेकी पुण्याला आल्या. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाल्यामुळे तिला 12 ऐवजी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली होती. ती जुलैत संपली, नेमकी पुण्यात पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी होती तेव्हा. सोसायटीत कामवाल्या बायकांना मज्जाव होता. उष्टावण घरीच उरकलं. मामा व्हिडिओ कॉलवर दिसत होता, खिरीचा चमचा बाबांनी लेकीच्या ओठांना लावला. नाचणीचं सत्त्व शिजवणं, भांडी, ऑफिसच्या मीटिंगा, सगळं दोन खोल्यांत आणि दोघांत.

इथून वहीत दुसरं अक्षर दिसू लागतं. वाकडंतिकडं, घाईचं : ‘दुपारी 1.15, वरणभात अर्धी वाटी. झोपवली, 40 मिनिटं लागली.’ हे बाबांचं. लेक जन्मली तेव्हा त्यांना ऑफिसातून पाच दिवस मिळाले होते आणि बारशाला ते पाहुण्यासारखे आले होते. घरून काम सुरू झालं म्हणून त्यांच्या वाट्याला लेकीची दुपार आली. तिचं पहिलं पाऊल त्यांनीच पाहिलं. आई तेव्हा मीटिंगमध्ये होती.

त्या वर्षात आपण एकट्या पडलो, असं ती बराच काळ समजत होती. वही पुन्हा वाचताना तिला वेगळंच दिसलं. माहेरी सहा-सात जणी मिळून जे करत होत्या, तेवढं काम एका तान्ह्या बाळाचं असतंच. त्या जणी होत्या तोवर ते काम म्हणून कुणी मोजलंच नव्हतं.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मूल झाल्यावर 15 दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र तिची कायद्याने हमी नाही, कंपनी देईल तेवढीच. ती मिळायला हवी आणि महिन्यांत मोजता येईल एवढी हवी, हे त्या आईचं आता ठाम मत आहे. नव्याने आई होणाऱ्या मैत्रिणींना ती एक कोरी वही भेट देते, आणि पहिली नोंद बाबांनी करायची, असं बजावून सांगते.