साधित कृती आणि जोड-सॉफ्टवेअर : जीपीएल परवान्याची व्याप्ती

'मुक्त' आणि 'विनामूल्य' ही पदे मराठीत भिन्न आहेत. इंग्रजीत मात्र 'फ्री' हे एकच पद दोन्ही अर्थ वाहते. ओपन सोर्स परवान्यांविषयीचा पुष्कळसा गोंधळ या द्व्यर्थतेतून उद्भवला आहे. जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, संक्षेपाने जीपीएल, सॉफ्टवेअरच्या विक्रीस प्रतिबंध करीत नाही. ज्यास प्रत दिली त्यास सोर्स कोड, बदल करण्याची मोकळीक आणि पुनर्वितरणाचा अधिकारही द्यावा, ही त्याची मुख्य अट होय.

अशा सॉफ्टवेअरला जोडून चालणारे प्लगिन वा थीम विकणाऱ्यास ही अट लागू होते काय, हा खरा प्रश्न आहे. परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार मूळ कृतीपासून साधलेली कृती वितरित करावयाची झाल्यास ती संपूर्णपणे त्याच परवान्याखाली द्यावी लागते. स्वतंत्र कृतीस हे बंधन नाही. ग्रंथाचा अनुवाद ही साधित कृती होय. त्या ग्रंथाचा केवळ निर्देश करणारे पुस्तक स्वतंत्र ठरते. प्लगिनचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे, आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

परवान्याची कर्ती संस्था फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन हिच्या मते, प्लगिन व मूळ प्रोग्राम परस्परांची फंक्शने वापरीत असतील आणि त्यांच्या माहितीच्या रचना सामायिक असतील, तर दोन्ही मिळून एकच प्रोग्राम होतो. दोघे वेगवेगळे चालून त्यांच्यात जुजबी देवाणघेवाण होत असेल, तर ते स्वतंत्र मानावेत. हे अर्थातच एका पक्षाचे मत आहे, न्यायालयाचा निर्णय नव्हे.

वर्डप्रेसचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २००९ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने असे मत दिले की, थीममधील पीएचपी कोड वर्डप्रेसपासून साधित आहे. चित्रे व सीएसएस मात्र तशी नाहीत. २०१० मध्ये 'थीसिस' या व्यापारी थीमवरून जाहीर वाद झाला. अखेर तिच्या कर्त्याने पीएचपी भाग जीपीएलखाली आणला व उर्वरित भाग स्वतःच्या परवान्याखाली ठेवला. न्यायालयीन निवाड्यावाचूनच हा वाद मिटला.

उलटपक्षी, ही सीमारेषा मूळ कर्त्यालाही आखता येते. लिनक्स कर्नलच्या परवान्यास जोडलेल्या टिपणात, नेहमीच्या सिस्टम कॉलद्वारे कर्नलच्या सेवा घेणारे प्रोग्राम साधित मानले जात नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणूनच त्यावर बंदिस्त व्यापारी सॉफ्टवेअर निःशंकपणे चालू शकते.

यावरून असे दिसते की, 'विकता येईल काय' हा प्रश्नच अस्थानी आहे. आपली कृती मूळ कृतीशी कोणत्या संबंधाने जोडली आहे, हे विक्रेत्याने कोड लिहिण्यापूर्वीच ठरविले पाहिजे. ती साधित असल्यास पहिला ग्राहकच तिची प्रत कायदेशीरपणे इतरांस देऊ शकतो. अशा वेळी मूल्य प्रतीचे नव्हे, तर साहाय्य आणि सुधारणा यांचे आकारावे लागते.