चित्राखाली नाव लिहिलं तेव्हा

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्यात पेंच नदी येते ती छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून. नदीच्या वरच्या अंगालाही गोंडांची गावं आहेत, खालच्याही. सोयरिकी राज्याची हद्द पाहून जुळत नाहीत. नागपूर शहर वसवलं तेही देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या आरंभी. पुढे १८६३ साली तिथे मध्यवर्ती संग्रहालय उभं राहिलं, आपला अजब बंगला. आदिवासींच्या वस्तू मांडताना त्या काळच्या संग्रहालयांची एक रीत होती: जमातीचं नाव लिहायचं, करणाऱ्या माणसाचं नाही.

ही रीत मोडायला शंभराहून अधिक वर्षं लागली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं लागली. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारली पाड्यांवर फिरून ही कला बाहेर आणली होती. लग्नात भिंतीवरचा चौक सुवासिनींनी लिहायचा, अशी परंपरा. जिव्या सोमांनी लग्न नसतानाही रोज चित्र काढलं.

भोपाळमध्ये याहून मोठी गोष्ट घडली. १९८२ मध्ये भारत भवन उघडलं. तिथल्या रूपंकर संग्रहालयाची धुरा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. त्यांनी तरुण कलावंतांची पथकं गावोगाव पाठवली. पाटणगढ या गावातल्या एका घराच्या भिंतीवर त्या पथकाला जनगढ सिंह श्याम या पोराचं काम दिसलं. जनगढ परधान घराण्यातला. परधान म्हणजे बाना वाजवून बडादेवाची आणि गोंड यजमानांच्या कुळांची गाणी गाणारे. गाण्यातले देव जनगढने कागदावर आणले, ठिपक्याठिपक्यांनी भरून. स्वामीनाथन यांनी आदिवासी आणि शहरी चित्रकार एकाच छताखाली, समकालीन म्हणून मांडले. माझ्या मते खरी उलथापालथ हीच होती. १९८९ मध्ये जनगढची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोचली.

तरी या कौतुकाची दुसरी बाजू विसरता येत नाही. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना जनगढने आत्महत्या केली. वय चाळिशीच्याही आतलं. दूरदेशी एकट्याने चित्रं काढणाऱ्या कलावंताची काळजी कोण घेतं, हा प्रश्न प्रत्येक दालनाने स्वतःला विचारायला हवा.

जनगढच्या मागे त्याच्या गावची, नात्यातली कितीतरी माणसं चित्रकार झाली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम त्यांतलेच. २०११ मध्ये आलेल्या ‘भीमायन’ या चित्रकथेच्या पुस्तकात त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र चितारलं. चौकटींत माणसं कोंडायची नाहीत, हा त्यांचा हट्ट. म्हणून पानं विभागली ती डिगन्याच्या, म्हणजे घराच्या भिंती-जमिनीवर काढायच्या पारंपरिक नक्षीने. विषारी बोलांना विंचवाची नांगी, मायेच्या बोलांना पाखराचा आकार.

बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. या शहरात गोंड-परधान चित्रकारांसाठी कायमचं दालन असावं, चित्रं रास्त दामाने विकत घेतली जावीत, आणि पारशिवनी-देवलापारच्या शाळांतल्या पोरांनी त्यांखालची नावं वाचावीत. त्यांतली काही आडनावं त्यांच्या हजेरीपटावरचीच निघतील.