डोक्यातला कचराही वेगळा करूया!

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, 2017 पासून स्वच्छतेत देशात अव्वल ठरत आलेल्या आपल्या इंदूरचं गमक साधं आहे: ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा. डोक्याचंही तसंच आहे.

तपासायच्या वह्या, निकाल, पालकांचे फोन, ऑनलाइन भरायची माहिती... अर्धवट कामं मनात घोळत राहतात. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्येच हे मांडलं होतं. 2011 च्या एका संशोधनात आढळलं की काम कधी, कसं करायचं हे ठरवलं, तरी मनाची ही टोचणी कमी होते.

2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी 5 मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी 9 मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग छोटा, 57 तरुणांचा. पण उपाय बिनखर्चाचा!

मी रोज रात्री डायरीत तीन रकाने आखते: उद्याच, या आठवड्यात, माझ्या हातात नाही. ‘वह्या तपासणे’ असं मोघम न लिहिता ‘नववी ब, 20 वह्या, मधली सुट्टी’ असं लिहिते. तिसरा रकाना भरला की खरंच हलकं वाटतं.

आज रात्री करून बघा आणि अनुभव नक्की सांगा. 🙏