हलका माल कोणी ठरवला?

मराठीत 'हलका' हा शब्द फार कामाचा आहे. वजनाने कमी ती वस्तू हलकी, किमतीने कमी तो माल हलका, आणि व्यवस्थेने ज्यांना खालच्या पायरीवर बसवले ती माणसेही हलकी. एकाच शब्दात वस्तूचा आणि माणसाचा निकाल लागतो. निकाल देणारा कोण आणि त्याने पुरावा कोणता पाहिला, हे मात्र कोणी विचारत नाही. अशाच एका 'हलक्या' वस्तूची बाजू आज वाचकांपुढे मांडायची आहे. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील सिल्व्हरटोन १४४८ या मॉडेलची इलेक्ट्रिक गिटार.

चळवळीच्या पानावर गिटारचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे. त्या कृष्णवर्णीय समाजाच्या लढ्याविषयी आणि साहित्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. पण ज्या संगीताने त्या समाजाला जगभर आवाज दिला, ते संगीत कोणत्या हत्यारांवर घडले, ती हत्यारे कोणी बनवली आणि गरिबाच्या घरात ती कशी पोहोचली, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. गिटार म्हटले की फेंडर आणि गिब्सन ही दोनच नावे घेतली जातात. तो उच्चकुलीन माल. बाकीचा सारा हलका.

सिल्व्हरटोन हा सिअर्स, रोबक या व्यापारी कंपनीचा शिक्का होता. सिअर्स जाडजूड कॅटलॉग छापून खेडोपाडी पाठवत असे आणि मागवलेला माल टपालाने घरपोच देत असे. यात काय मोठे, असे आज वाटेल. पण त्या काळच्या अमेरिकेतील दक्षिणेकडील राज्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणा. १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य करून वर्णभेदावर कायद्याची मोहोर उठवली होती. बटाईने शेती कसणारे कृष्णवर्णीय कुटुंब गावातल्या गोऱ्या दुकानदाराच्या उधारीत बुडालेले असे. दुकानात गोरे गिऱ्हाईक आले की त्याने मागे सरायचे. दुकानदार देईल तो माल आणि सांगेल तो भाव.

कॅटलॉगने या दुकानदाराला बगल दिली. छापलेली किंमत सर्वांना एकच. टपालाच्या मागणीपत्रावर कातडीचा रंग दिसत नाही. दक्षिणेतील दुकानदारांनी लोकांना हे कॅटलॉग जाळण्याची चिथावणी दिली, ती उगाच नव्हे. त्यांचा धंदा तर जात होताच, पण त्याबरोबर माणसाला माल नाकारण्याची सत्ताही जात होती.

सिअर्स ही काही समतेची चळवळ नव्हती, ती नफ्यासाठीच चालली होती. मात्र तिचे एक प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर योजना आखून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभारायला मदत केली, हीही नोंद इतिहासात आहे. दोन्ही बाजू मांडणे आवश्यक आहे.

आता गिटारकडे येऊ. सिअर्ससाठी सिल्व्हरटोन गिटार वेगवेगळे कारखानदार बनवत. त्यांपैकी एक होते नॅथन डॅनियल. लिथुआनियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या पोटी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस आधी अॅम्प्लिफायर बनवत असे. १९४७ साली त्यांनी न्यू जर्सी राज्यात डॅनेलेक्ट्रो कंपनी काढली आणि १९५४ पासून सिअर्ससाठी गिटारही बनवू लागले. त्याच वर्षी ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील 'वेगळे पण समान' हे तत्त्व फेटाळले. हा योगायोगच, पण लक्षात ठेवण्याजोगा.

डॅनियल यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न सरळ दिसतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज नेमका येतो कोठून? पोलादाची तार लोहचुंबकावर थरथरते, चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत त्यामुळे विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, आणि तो अॅम्प्लिफायरमधून मोठा होऊन बाहेर पडतो. मग महागडे लाकूड, नक्षी आणि शिंपल्याची जडणघडण कशासाठी? ती पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी. ऐकणाऱ्याच्या कानाला तिची गरज कमी.

म्हणून त्यांनी साध्या लाकडाची चौकट केली आणि तिच्या पुढेमागे मॅसोनाइटचे पत्रे बसवले. मॅसोनाइट म्हणजे लाकडाचा भुसा-चिपा वाफेने फोडून आणि दाबून केलेला पुठ्ठ्यासारखा टणक पत्रा. विल्यम मेसन याने १९२४ च्या सुमारास तो शोधला, तो मिसिसिपी राज्यातील लॉरेल गावात. लाकूड कापणाऱ्या गिरण्यांत जे फेकून दिले जाई, त्यापासून. मिसिसिपी हीच ब्लूज संगीताची भूमी. तेथे कचरा म्हणून फेकलेल्या वस्तूतून जन्मलेला हा पत्रा पुढे गिटारचे अंग झाला. उद्योगधंद्याच्या इतिहासात असा न्याय क्वचितच दिसतो.

चुंबक आणि तारेचे वेटोळे त्यांनी लिपस्टिकच्या धातूच्या नळीत बसवले. या नळ्या घाऊक भावात तयार मिळत. लोक हसले. पण त्या नळीतून निघणारा आवाज स्वच्छ, किंचित किणकिणता आणि दुसऱ्या कोणत्याही गिटारपासून वेगळा ओळखू येणारा होता. मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात ती पट्टी अॅल्युमिनियमची केली. मान वाकू नये म्हणून आत पोलादाच्या सळ्या घातल्या. जेथे आवाजाचे काही बिघडत नाही तेथे पैसा वाचवला, आणि जेथे बिघडेल तेथे डोके चालवले. याला हलका माल म्हणायचे की नेमके काम?

१९६२ साली सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये या घराण्यातील १४४८ हे मॉडेल आले. काळ्या रंगात चमचमणारे अंग, एक लिपस्टिक नळी, १८ पडदे. पण खरी करामत पेटीत होती. गिटार ठेवायच्या पेटीतच सुमारे ३ वॉटचा अॅम्प्लिफायर आणि ५ इंची स्पीकर बसवलेला होता. पेटी उघडा, उभी करा, तार जोडा आणि वाजवा. दुसरे काही विकत घ्यायला नको. या सगळ्याची किंमत ६७.९५ डॉलर. दोन नळ्या आणि मोठा स्पीकर हवा असेल तर १४४९ हे मॉडेल होते.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ साली बाजारात आली तेव्हाच तिची किंमत २४९.५० डॉलर होती, आणि पेटी व अॅम्प्लिफायर वेगळा. १९६२ साली अमेरिकेत कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला १.१५ डॉलर होते. म्हणजे सिल्व्हरटोनचा संपूर्ण संच सुमारे ५९ तासांच्या मजुरीचा, तर नुसती स्ट्रॅटोकॅस्टर तिच्या आठ वर्षांपूर्वीच्या भावानेही २१७ तासांची.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. १९३८ च्या ज्या कायद्याने हे किमान वेतन दिले, त्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना बाहेर ठेवले होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने याच दोन कामांत होते. शेतमजुरांना त्यात प्रवेश मिळाला १९६६ च्या दुरुस्तीने, घरकामगारांना १९७४ साली. तेव्हा ५९ तासांचा हिशेबही सर्वांना लागू नव्हता. ज्याच्या मजुरीला कायद्याचे संरक्षणच नाही, त्याच्यासाठी ६८ आणि २५० डॉलर यांतला फरक म्हणजे गिटार असणे आणि नसणे यांतला फरक होता.

ही गिटार केवळ कृष्णवर्णीयांसाठी होती असे कोणी समजू नये. गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतही ती शिकाऊ पोरांसाठी घेतली जाई. म्हणूनच 'शिकाऊ गिटार', 'कॅटलॉगची गिटार' अशी तिची हेटाळणी झाली. तिच्यात दोष होते, हेही मान्य केले पाहिजे. १८ पडद्यांवर वरच्या पट्टीत फार जाता येत नाही. ३ वॉटचा आवाज खोलीपुरता, मोठ्या सभागृहात तो पुरत नाही. लाकडी पूल ओबडधोबड असल्याने सूर काटेकोर जुळवायला त्रास होतो. हे दोष खरे आहेत. पण त्यांवरून ती कुचकामी ठरत नाही.

साक्षीदारच काढायचे तर पहिला जिमी हेंड्रिक्स. सिएटलमधील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातला हा मुलगा. पहिली इलेक्ट्रिक गिटार चोरीस गेल्यावर त्याच्या हाती आली ती डॅनेलेक्ट्रोने बनवलेली सिल्व्हरटोन, १४४८ च्या आधीचे मॉडेल. त्याने ती लाल रंगवली आणि तिच्यावर 'बेटी जीन' हे नाव घातले. पुढे सैन्यात गेल्यावर वडिलांकडून तीच मागवून घेतली. जगाने त्याला ओळखले ते स्ट्रॅटोकॅस्टरवर, हे खरे. पण तेथपर्यंत पोहोचायची पायरी कोणती होती, हे विसरून कसे चालेल?

दुसरा साक्षीदार इंग्लंडचा जिमी पेज. लेड झेपेलिनचा हा वादक जगातली कोणतीही गिटार विकत घेऊ शकत होता. तरी 'काश्मीर' हे गाणे मैफलीत वाजवताना त्याच्या गळ्यात याच कारखान्याची, याच मॅसोनाइटची आणि याच लिपस्टिक नळ्यांची डॅनेलेक्ट्रो असे. त्याला स्वस्त गिटार घेण्याची काही गरज नव्हती. त्याला तो आवाज हवा होता.

तिसरा पुरावा आपल्या ओळखीचा. १९६७ साली वादक व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेतून याच कंपनीने इलेक्ट्रिक सितार बनवली. स्टीव्ही वंडर या अंध कृष्णवर्णीय गायकाच्या १९७० च्या 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड' या गाण्याच्या सुरुवातीलाच इलेक्ट्रिक सितार ऐकू येते. गाण्याचे नावही आम्हा वकिलांच्या दस्तऐवजातले. सही झाली, शिक्का बसला, ताबा दिला.

१९६६ साली डॅनेलेक्ट्रो एमसीए या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि १९६९ साली कारखाना बंद पडला. १९९३ साली सिअर्सचा मोठा कॅटलॉगही बंद झाला. आता गंमत पहा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या मालकांनी डॅनेलेक्ट्रो हे नाव पुन्हा बाजारात आणले आणि त्याच लिपस्टिक नळ्यांच्या गिटारी विकायला सुरुवात केली. जुन्या १४४८ आज हौशी संग्राहक जपून ठेवतात. ज्या वस्तूला 'गरिबांची' म्हणून नाक मुरडले, तीच जुनी झाल्यावर 'दुर्मीळ' झाली. वस्तू तीच, पत्रा तोच, नळीही तीच. मग बदलले काय? फक्त तिला हातात धरणारा माणूस बदलला.

माझा मुद्दा एवढाच आहे. १४४८ ला हलकी ठरवणाऱ्यांनी तिचा आवाज ऐकून निकाल दिला नव्हता. ती कोणत्या दुकानातून आली, कशापासून बनली आणि कोणाच्या घरात गेली, एवढे पाहून दिला होता. हा कुळ पाहून दिलेला निकाल आहे, आणि अशा निकालांची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळख आहे. वस्तूच्या बाबतीत तो आपल्याही तोंडून सहज निघतो. स्वस्त वाद्य, स्वस्त छपाईचे पुस्तक किंवा साध्या शाळेतली पदवी पाहिली की आपणही चटकन 'हलके' म्हणून मोकळे होतो. यापुढे तो शब्द उच्चारण्याआधी वाचकांनी दोन प्रश्न विचारावेत. ही वस्तू आपले काम करते का? आणि ती नसती तर किती हात रिकामे राहिले असते? सिल्व्हरटोन १४४८ या दोन्ही प्रश्नांना उत्तर देते, आणि तेही पेटीतल्या पेटीत.